ब्रासो बंद: जिल्हा पोलीस संग्रहालय उभारणीच्या नोंदी

जागा: मुख्यालयाच्या आवारातली जुनी गार्ड रूम. काळ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, दोन खोल्या आणि व्हरांडा. मुदत: २१ ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन. निधी जिल्हा नियोजन समितीकडून. दुसऱ्या जिल्ह्यात हेच काम निघालं तर हाताशी असाव्यात म्हणून या नोंदी.

४ फेब्रुवारी

भिंती आधी. पावसाळ्यापूर्वी त्या सुकल्या नाहीत तर पुढचं सगळं पाण्यात. दगडावर कंबरेइतक्या उंचीपर्यंत कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला, वर प्लॅस्टिक पेंट. जमिनीतून चढणारी ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही. ती वर सरकते, आणि गिलावा संपतो त्या रेषेवर क्षार फुलतात. दिसणारी पांढरी भुकटी ती हीच. रंगाचा आणखी एक हात मारला की ती झाकते, थांबत नाही.

सिमेंट छिन्नी-हातोड्यानेच काढायचं. ब्रेकरच्या हादऱ्याने सांध्यातला जुना चुना निखळतो. दगड उघडा झाला की भिंत काही आठवडे तशीच ठेवायची आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करायचे. पाण्याने धुतले तर विरघळून परत आत जातात. मग मुरवलेला चुना एक भाग, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून तीन भाग. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, प्रत्येक थरावर आठवडाभर ओलं गोणपाट. ‘मजबुतीसाठी थोडं सिमेंट टाकू’ हे वाक्य कंत्राटदाराकडून येणारच. टाकू दिलं तर महिन्याभरात मूळ दुखणं परत.

१९ फेब्रुवारी

ठाण्यांकडून वस्तू येऊ लागल्या. कागद आधी, वस्तू नंतर, हा क्रम सोडायचा नाही. जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवहीत नोंद असलेली वस्तू थेट उचलता येत नाही. निर्लेखनाचा (नोंदवहीतून वस्तू कमी करण्याचा) आदेश किंवा हस्तांतराचा आदेश, आणि ताबे पावती, हे दोन्ही हातात असल्याशिवाय आमच्या नोंदवहीत क्रमांक पडत नाही. जुनी रजिस्टरं असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू होतो. अभिलेखाचा वर्ग अ, ब, क, क-१ की ड, हे अभिलेख कक्षाकडून लेखी घ्यावं. ‘ड वर्ग आहे, जाळायचाच होता’ असं तोंडी सांगून आलेला एक गठ्ठा प्रत्यक्षात अ वर्गाचा निघाला.

खरा घोटाळा वेगळाच. परिपत्रक गेलं की ‘ऐतिहासिक वस्तू मुख्यालयास पाठवाव्यात’, आणि ठाण्यांनी त्या शिस्तीत चकाचक करून पाठवल्या. पितळी बक्कल ब्रासोने (पितळ चमकवण्याच्या पॉलिशने) घासलेलं, लाठीला ताजं व्हार्निश, पेटीला सिल्व्हर पेंट. पोलीस दलात वस्तू वर पाठवायची म्हणजे पॉलिश करूनच, ही सवय मुरलेली. पण बक्कल नंबर, म्हणजे शिपायाचा क्रमांक, हीच त्या पितळेची ओळख. तो सेवापुस्तकाशी जुळला तर पट्टा कोणाचा, कुठल्या ठाण्याचा, कुठल्या काळातला, सगळं लागतं. ब्रासोत घासणारी बारीक पूड असते. दर परेडला थोडं थोडं पितळ जातं आणि आकड्यांच्या कडा बुजतात.

दुसरं पत्र पाठवलं. मजकूर इतकाच: वस्तू आहे तशी पाठवा. पुसू नका, धुऊ नका, रंगवू नका, ब्रासो लावू नका. सोबत तीन ओळी लिहून द्या: कुठे पडून होती, कोण वापरत असे, शेवटची कधी वापरात होती. हे पत्र पहिल्या परिपत्रकासोबतच जायला हवं.

२६ फेब्रुवारी

बुजलेले आकडे वाचण्याची रीत: खोलीत अंधार, बक्कल सपाट टेबलावर, एकच टॉर्च पृष्ठभागापासून १० ते १५ अंशांवर आडवा धरायचा. कॅमेरा वरून सरळ, तिवईवर. प्रकाश चारी बाजूंनी फिरवत फोटो घ्यायचे. एका दिशेने ३ दिसणारा आकडा दुसऱ्या दिशेने ८ निघतो, म्हणून एकाच फोटोवर विसंबू नये. कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा उपाय जमतो, पण झिजलेल्या बक्कलवर फारसं उमटत नाही.

आकड्यांच्या खाचेत साचलेली पांढरी पूड म्हणजे पॉलिशचा गाळ. बांबूची टोकदार काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा. सुई किंवा टाचणी नको, ओरखडे पडतात.

बटणं आणि टोपीच्या बिल्ल्यांचा काळ ठरवताना पहिली खूण मुकुट की सिंहमुद्रा. राजमुद्रा २६ जानेवारी १९५० ला स्वीकारली गेली, त्यामुळे सिंहाचं बटण त्यानंतरचं. उलट बाजू इतकी पक्की नाही; मुकुटाचा साठा संपेपर्यंत तो वापरला गेला असणं शक्य आहे. म्हणून ‘१९५० पूर्वीच्या नमुन्याचं’ असं लिहायचं, ‘१९५० पूर्वीचं’ असं नाही.

११ मार्च

मुद्देमाल. सगळ्यांना संग्रहालयात हवे असतात ते गावठी कट्टे, खोट्या नाण्यांचे साचे, दरोड्यातली हत्यारं. मुद्देमाल खोलीतली वस्तू पोलिसांच्या ताब्यात असते, मालकीची नसते. खटला चालू असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७, निकाल लागला असेल तर ४९८. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच ४५१ आणि ४५२. दोन्हीकडे निर्णय न्यायालयाचा. अर्ज करताना ‘प्रदर्शनासाठी’ एवढंच लिहू नये. वस्तू कुठे, कोणाच्या कुलपात, निकामी कशी केली, हे लिहावं. वेळ लागतो. त्यामुळे मांडणी मुद्देमालावर अवलंबून ठेवायची नाही. एका पेटीची जागा रिकामी धरली आणि तिथे पर्यायी वस्तू योजून ठेवली.

२० मार्च

क्रमांक घालणं. मार्कर थेट धातूवर किंवा लाकडावर चालवायचा नाही. पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक ॲक्रिलिक राळ) ॲसिटोनमध्ये २० टक्के, त्याचा नखाएवढा पट्टा, सुकल्यावर शाईने क्रमांक, वर दुसरा हात. लागलं तर ॲसिटोनच्या बोळ्याने सगळं निघतं. ताज्या व्हार्निशवर हे करता येत नाही, ॲसिटोन व्हार्निशच विरघळवतो. तिथे टांगती चिठ्ठी. कापडावर सुती फितीवर क्रमांक लिहून फीत टाक्याने शिवायची. कागदावर २बी पेन्सिल, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. क्रमांक समोरून दिसू नये, पण वस्तू न उलटता सापडावा.

नोंदवही बांधीव, पानांवर छापील क्रमांक असलेली. संगणकावरची यादी तिची प्रत, उलट नाही.

७ एप्रिल

रजिस्टरं. स्टेशन डायरी, गुन्हे रजिस्टर, बारनिशी (आवक-जावक), हजेरीपट. सर्वात जुने गठ्ठे मोडीत. मोडी वाचणारा माणूस आधी ठरवावा, कारण चुकीच्या बस्त्यात पडलेली पानं वाचल्याशिवाय कळत नाहीत.

बस्त्यांत कडुलिंबाचा पाला होता. कसर लागू नये म्हणून घातलेला, पण पाला सुकून पानांवर तपकिरी डाग सोडतो आणि कसर काही थांबत नाही. डांबराच्या गोळ्याही काढल्या. आता प्रत्येक रजिस्टर आम्लरहित कागदात, सुती फितीने बांधून, आडवं. लाल बस्त्याचं कापड ओलं झालं की रंग सोडतं. ते वेगळं जपलं, रजिस्टरभोवती गुंडाळलं नाही.

जुनी शाई लोहाची असेल तर ती कागद खाते. अक्षराच्या जागी भोक पडलेलं दिसतं. अशा पानाला पाणी अजिबात लावायचं नाही, ओल्या खळीची डागडुजीसुद्धा नाही, आम्ल पसरतं. पान तसंच आधार देऊन ठेवलं. लॅमिनेट केलेली काही पानं आली. ती परत मिळत नाहीत. स्कॅन करून वेगळी ठेवणं एवढंच हातात.

स्कॅनिंग: छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय, टिफ फाईल. काचेला चिकटलेल्या ग्रुप फोटोंना हात लावू नये. सोलताना चेहऱ्यांचा थर काचेवर राहतो. फ्रेमसकट, बाजूने प्रकाश देऊन फोटो काढावा.

२ मे

शस्त्रं. इथे सर्वात जास्त चुका पाट्यांवर असतात. पाटीवर ‘.३०३ रायफल’, पण नळीत पाहिलं तर आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नाहीत. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. ही .४१० मस्केट: ईशापूरच्या शस्त्र कारखान्यात ली-एनफिल्ड रायफलवरून पोलीस आणि गार्डसाठी बदलून केलेली, एका वेळी एकच काडतूस. वरून दोन्ही जुळी दिसतात. बटच्या उजव्या बाजूचा धातूचा पट्टा पाहावा, मुकुट, कारखाना आणि साल तिथे असतं.

निकामी करणं आर्मोररच्याच (दलाच्या शस्त्र-कारागिराच्याच) हातून. फायरिंग पिन काढून शस्त्रागारात, चिठ्ठीसह. बोल्टवरचा क्रमांक बॉडीशी जुळतो. सफाईच्या वेळी चार बोल्ट एका ट्रेमध्ये ठेवले की अदलाबदल ठरलेली. एक शस्त्र पूर्ण, मगच दुसरं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. .३०३ त्यात बसत नाही. ट्रिगर गार्डमधून पोलादी तार, पेटीला दोन कुलुपं, दोन किल्ल्या दोन माणसांकडे.

सफाई: जुनी मिनरल जेली मिनरल टर्पेंटाइनने सैल करून सुती फडक्याने पुसायची. सँडपेपर, तारेचा ब्रश, गंज काढणारं आम्ल यांतलं काहीच नाही. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. नायट्राइल हातमोजे घालायचे. सुती मोजे घसरतात आणि घाम आरपार जातो.

२१ मे

कातडं. पट्टे, होल्स्टर, ड्रमचे पट्टे. हात लावला की लालसर पूड बोटाला लागत असेल तर कातडं आतून सडलेलं आहे. निट्सफूट तेल, बूट पॉलिश, खोबरेल यांतलं काहीही त्याला ठीक करत नाही. तेल धूळ धरतं आणि पावसाळ्यात बुरशी. क्लुसेल जी नावाची सेल्युलोजची पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ ते २ टक्के, मऊ ब्रशने. पूड बसते, कातडं गडद होतं. आधी मागच्या बाजूला इंचभर करून पाहायचं. हा उपाय वस्तू हाताळण्याजोगी करतो, वापरण्याजोगी नाही.

पितळ कातड्याला टेकतं तिथे हिरवा मेणचट थर येतो. कातड्यातलं तेल आणि पितळेतलं तांबं यांचा तो साबण. काडीने खरवडून, अल्कोहोलने पुसून, मधे पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा सरकवायचा. तेल पाजलेल्या पट्ट्यांवर हा थर पुन्हा पुन्हा येतो, न पाजलेल्यांवर क्वचित.

५ जून

पावसाआधी कीड. बांबूच्या लाठ्यांतून भुसा पडत होता. गोठवण्याचा उपाय छोट्या वस्तूंना: पॉलिथिनमध्ये बंद करून उणे १८ अंशाला दोन आठवडे, बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर न उघडता. लाठी डीप फ्रीझरमध्ये मावत नाही, तिला ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत हा प्रयोग फसला: निर्देशक गोळी (ऑक्सिजन असला की निळी, संपला की गुलाबी) गुलाबी होऊन दोनच दिवसांत पुन्हा निळी, म्हणजे हवा आत येतेय. प्लॅस्टिकच्या साध्या थरातून ऑक्सिजन झिरपतो. ॲल्युमिनियमचा थर असलेली बॅरियर फिल्म घेऊन, कडा इस्त्रीने बंद करून, तीन आठवडे ठेवल्यावर काम झालं. फसलेल्या पुड्यांचा खर्च वाया. एकदा संपृक्त झालेली पुडी परत चालत नाही.

१८ जून

पेट्या. पैशाचा मोठा भाग इथेच गेला. पहिला नमुना सुताराने प्लायवुड आणि सागवानात केला, दिसायला देखणा. त्यात शिशाच्या जुन्या गोळ्या ठेवल्या, आणि दमट हवेत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरली. लाकूड आणि चिकटद्रव्य आम्लाची वाफ सोडतात, बंद पेटीत शिसं ती लगेच पकडतं. चकाकत्या नव्या पेटीत वस्तू जास्त वेगाने खराब होतात, ही गोष्ट कोणाच्या गळी उतरत नाही.

मग प्रत्येक सामग्री तपासली. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सामग्रीचा तुकडा, थोडं पाणी, आणि शिसं, चांदी, तांबं यांच्या घासून स्वच्छ केलेल्या पट्ट्या. ६० अंशाला २८ दिवस. सोबत सामग्री नसलेली एक बरणी, तुलनेसाठी. मखमल नापास: चांदी काळी. रबरी गॅस्केट नापास. सुती मलमल (धुतलेली), पॉलिथिन फोम, पावडर कोटिंग केलेलं पोलाद पास. पेट्या पोलादाच्या झाल्या, लॅमिनेटेड काच, सिलिकॉनची गॅस्केट. निविदेत ‘प्लायवुड बेस’ कुठेच राहू नये; एका ओळीत तो लपून बसला होता.

९ जुलै

आर्द्रता. एसी बसवलेला, कार्यालयीन वेळेत चालणारा. आर्द्रता दिवसरात्र नोंदवणाऱ्या डेटालॉगरने चित्र उघडं केलं: दिवसा पन्नाशीत, एसी बंद झाला की रात्री ७५ च्या वर. थंड झालेल्या पितळेवर दमट हवा लागून थेंब. एसी नसता तर नुकसान कमी झालं असतं. घड्याळासारखे भिंतीवरचे स्वस्त हायग्रोमीटर हे कधीच दाखवत नाहीत, कारण रात्री कोणी बघत नाही. लॉगर महाग वाटतो, पण बाकी सगळ्या खर्चाची बरोबर-चूक त्यावरच ठरते.

बदल: एसी बंद. मंगलोरी कौलांखाली हवा खेळते, तिथे डीह्युमिडिफायर लावणं म्हणजे अंगण सुकवणं. म्हणून फक्त आतल्या खोलीला कॅल्शियम सिलिकेटचं छत, सांधे बंद, दाराला पट्टी. कागद, कातडं, कापड तिथे. लोखंड आणि दगड बाहेरच्या खोलीत. यंत्राचं पाणी पाईपने थेट बाहेर सोडलं, नाहीतर बादली भरली की यंत्र आपोआप थांबतं, आणि ते रात्रीच होतं.

पेट्यांत ओल शोषणारं सिलिका जेल, घनमीटरला सुमारे २० किलो. १.२ × ०.६ × ०.५ मीटरच्या पेटीला साधारण ७ किलो. जेल ५० टक्के आर्द्रतेला आधी मुरवून घ्यावं लागतं; पाकीट फोडून तसंच ठेवलं तर कातडं सुकून तडकतं. निळं जेल टाळलं, त्यात कोबाल्ट असतो.

१४ ऑगस्ट

गणवेश. तयार पुतळे खांद्यात रुंद असतात, जुने अंगरखे अरुंद. पुतळा कपड्याला बसवायचा, कपडा पुतळ्याला नाही: पॉलिथिन फोम कापून धड, वर धुतलेली मलमल. इस्त्री नाही, कांजी नाही. जुन्या खाकी अर्ध्या विजारीला कडक कांजीची घडी होती; तीच घडी कापड तोडते, आणि कांजी कसरीला बोलावते. घडीत ॲसिडफ्री टिश्यूची वळकटी घातली.

मुंबई शहर शिपायाची जुनी निळी वर्दी आणि पिवळी टोपी आमच्या जिल्ह्याची नाही. ती लोकांच्या आठवणीत पक्की असल्यामुळे मागणी झाली. ठेवली नाही.

प्रकाश ५० लक्स, एलईडी, त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर पेटीच्या बाहेर. पेटीत ड्रायव्हर ठेवला की तो तापतो आणि रोज आर्द्रता खालीवर होते.

८ सप्टेंबर

पाट्या. गडद अक्षर, फिकट पार्श्वभूमी. काळ्यावर पांढरं ५० लक्समध्ये वाचता येत नाही, बारीक वेलांट्या आणि अनुस्वार गळतात. २४ पॉइंटपेक्षा लहान काहीही नाही, ओळींत जागा जास्त, पाटी ६० शब्दांत. ‘शूर’, ‘गौरवशाली’ ही विशेषणं काढली की पाटीत वस्तूला जागा होते. झिजलेल्या बक्कलची पाटी: ‘पितळी बक्कल. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे परेडच्या पॉलिशने झिजले आहेत.’

रजिस्टरचं कोणतं पान उघडं ठेवायचं हे वाचल्याशिवाय ठरवू नये. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली, मुलांची बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ खाली उघड करता येत नाही. जुनं पान असलं तरी नातवंडं गावातच असतात. स्टेशन डायरीचं हवामान आणि गस्तीचं पान निवडलं.

हजेरीच्या रजिस्टरांवर सर्वात जास्त चर्चा झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली आणि त्यांना हजेरीला बांधलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. रजिस्टर लपवणं म्हणजे दलाचा इतिहास अर्धा सांगणं. नावं दाखवणं म्हणजे तीच हजेरी पुन्हा घेणं. कोरा छापील नमुना ठेवला, पाटीवर कायद्याचं नाव, साल आणि हजेरी न दिल्यास शिक्षा होती हे. समाजाचं नाव पाटीवर विशेषण म्हणून कुठेही नाही.

३० सप्टेंबर

हुतात्मा भिंत. नावं संगमरवरी फलकावरून उतरवायची नाहीत, फलकावर चुका असतात. सेवापुस्तक, राजपत्र आणि कुटुंबाने लिहून दिलेलं नाव, तिन्ही जुळल्यावर कोरीव काम. बक्कल नंबर नावाखाली घेतला. दगडात कोरलेलं दुरुस्त होत नाही, म्हणून धातूच्या सुट्या पट्ट्या, मागून स्क्रूने. ही भिंत व्हरांड्यात, संग्रहापासून वेगळी. २१ ऑक्टोबरला फुलं, पाणी, धूप येणारच.

तारीखही नीट लिहावी: १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी गोळीबारात दहा पोलीस मारले गेले, त्यावरून हा दिवस. पहिल्या मसुद्यात हा हल्ला १९६२ च्या युद्धाला जोडलेला होता.

१७ ऑक्टोबर

मांडणी. दोन पेट्यांच्या काचा बसवताना सिलिकॉन सुकायच्या आत वस्तू ठेवल्या गेल्या. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन आम्ल सोडतं. वस्तू परत काढून पेट्या उघड्या ठेवाव्या लागल्या. निविदेत ‘न्यूट्रल क्युअर सिलिकॉन’ असं स्पष्ट लिहावं. बिनतारी संच चालू करून दाखवण्याची सूचना आली. जुने कपॅसिटर फुटतात. संच बंद, बॅटऱ्या काढलेल्या.

मुद्देमालाचा आदेश आलेला नाही. राखलेल्या पेटीत शिट्ट्या आणि कंदील.

१२ नोव्हेंबर

आतल्या खोलीत आर्द्रता आता ५० ते ५८. कीड पकडणारे चिकट सापळे दाराशी, खिडकीखाली आणि पेट्यांमागे. दर महिन्याला तारीख घालून बदलायचे, सापडलेला किडा ओळखून लिहायचा. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी पेट्या पुसण्यासाठी कर्मचारी येतात. काचेसाठी कोरडं मायक्रोफायबर फडकं दिलं, अमोनियाचा स्प्रे कपाटातून काढला. किल्ली मागितली तर नोंदवहीत सही.

मार्चमध्ये जेल काढून वजन करायचं. उन्हाळ्यात खोली कोरडी पडते आणि जेल कातड्यातलं पाणी ओढू लागतं. वजन कमी भरलं तर पुन्हा मुरवून ठेवायचं. वजनं जेलच्या प्रत्येक कॅसेटवर (डब्यावर) पेन्सिलने लिहिली आहेत.